गेमला शिव्या घालण्याआधी गल्ला कुठं आहे ते बघा

आपल्याकडं 'गेम' हा शब्द आता शिवीसारखा वापरतात. पोरगं नापास झालं, गेममुळं. चष्मा लागला, गेममुळं. कुणाच्या खात्यातनं पैसे गेले, गेममुळं. हेळवाकच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत उभे राहा नाहीतर शाळेच्या पालक सभेत बसा, पाच मिनिटांत विषय तिथंच येतो. यातलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच आज जरा लांबण लावून लिहितोय. कारण एकाच पोत्यात आपण रमी, फ्री फायर, कँडी क्रश आणि आपल्या लहानपणीचा कॉन्ट्रा असं सगळं कोंबलंय. आणि पोत्यावर चिठ्ठी एकच: "फोन काढून घ्या."

आधी कायद्याचं बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. एवढी घाई क्वचित बघायला मिळते. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही, आणि ते बरोबरच आहे. साधारण ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये या धंद्यात घालवतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून पुढं आला होता. त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो. पुढं त्यांचं खातं बदललं आणि मिळालं क्रीडा खातं. यावर मी काही बोलत नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

पण त्याच कायद्यात एक गोष्ट आहे जी चावडीवर कुणी सांगत नाही. कायद्यानं गेमचे तीन भाग केलेत. पैसे लावायचे गेम, ई-स्पोर्ट्स आणि तिसरे साधे करमणुकीचे किंवा शिकायचे गेम. पहिल्यावर बंदी, बाकीच्या दोघांना प्रोत्साहन. म्हणजे दिल्लीला जो फरक कळला तो आपल्या गावात अजून आलेला नाही.

आता शेजारचंच उदाहरण. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. सगळ्या घरांतले टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना किंवा वाचनाला. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि सुटका. याची बातमी देशभर गेली. मला हा उपक्रम मनापासून आवडतो. घरातल्या एकट्या बापानं फोन हिसकावला तर भांडण होतं, अख्ख्या गावानं ठरवलं तर रीत होते. पण माझा प्रश्न साडेआठच्या पुढचा आहे. दुसरा भोंगा वाजला, फोन पुन्हा हातात आला, आता त्यात काय आहे? दीड तास काय करायचं नाही हे गावानं ठरवलं. उरलेल्या वेळात काय करावं हे कोण ठरवतंय? आज ते परदेशातली, नाहीतर मुंबई-बंगळुरूतली कुठलीतरी कंपनी ठरवते.

मला जे मांडायचंय ते एका ठरावीक जातीच्या गेमबद्दल आहे. बाजूनं दिसणारा पडदा, जाड जाड चौकोनांची चित्रं, एक माणूस उजवीकडं पळतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो, आणि एक फटका बसला की संपला. कॉन्ट्रा म्हटलं की चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येकाला कळेल. गंमत अशी की हे गेम गेलेले नाहीत. आज जगभरात दोन-दोन, चार-चार जणांच्या टोळ्या, कुठल्या मोठ्या कंपनीच्या पदरी न राहता, मुद्दाम त्याच जुन्या पद्धतीचे आणि मुद्दाम अवघड गेम बनवतात. त्यांना इंडी गेम म्हणतात. आणि विशी-बाविशीतली पोरं, ज्यांच्या खिशातल्या फोनवर सिनेमासारखी चित्रं चालतात, ती हे चौकोनी गेम विकत घेऊन रात्र-रात्र मरत बसतात. कऱ्हाड-पुण्याच्या हॉस्टेलवर जाऊन बघा, भेटतील. का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कॉन्ट्रा मुळात कोनामी या जपानी कंपनीनं १९८७ साली पार्लरमधल्या नाण्याच्या मशीनसाठी काढला, १९८८ला तो घरच्या टीव्हीवर आला. आपल्याकडं आला तो नकली डब्यांतनं. बॉक्स चिनी, कॅसेट पिवळी, वर छापलेलं '९९९९९ इन १'. आत खरे गेम दहा-वीस, बाकी तेच नावं बदलून. (नावं बदलून तोच माल पुन्हा विकायची पद्धत आपल्याला पुढं राजकारणात चांगलीच ओळखीची झाली, ते सोडा.) कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीनं काही होत नव्हतं, काढून परत घातल्यामुळं पिना नीट बसायच्या, पण फुंकर मारल्याशिवाय कुणाचं समाधान व्हायचं नाही. चिपळूण-कऱ्हाडच्या पार्लरमधलं 'मुस्तफा' पण आठवत असेल. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३चा. त्यातल्या चार जणांपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्या लोकांनी अख्ख्या गेमचं बारसं त्याच्याच नावानं केलं.

हे गेम अवघड का होते याचं कारण साधं, धंद्याचं होतं. पार्लरमधलं मशीन नाणी खातं. गिऱ्हाईक दोन-तीन मिनिटांत मेलं तरच पुढचं नाणं पडतं. तेव्हा अवघडपणा हा गल्ला भरायचा मार्ग होता, त्यात उदात्त काही नव्हतं. मग हेच गेम घरच्या टीव्हीवर आले. तिथं नाणं नव्हतं, पण अवघडपणा राहिला, कारण जागाच नव्हती. घरच्या कॉन्ट्राचा सगळा मजकूर १२८ केबीचा. आज व्हॉट्सॲपवर येणारं एक सुप्रभातचं चित्र त्याहून मोठं असतं. एवढ्या जागेत आठ लेव्हल. न मरता खेळलं तर अर्ध्या तासात संपतो. त्याला महिनोन् महिने पुरवायचा तर अवघडच करायला हवा. तीन लाइफ, एका गोळीला एक लाइफ, आणि मेलं की हातातली चांगली बंदूकही जाते. ती फाकून उडणारी 'एस'ची गोळी मिळवायची, जपायची आणि एका फालतू उडीत घालवायची. त्यावेळचं दुःख आठवा.

पण बघा, याच अवघडपणातनं एक वेगळंच काहीतरी निपजलं जे कोनामीच्या डोक्यातही नसेल. गल्ला निघून गेला आणि अवघडपणा उरला, तेव्हा तो खेळणाऱ्याच्या मालकीचा झाला. शिपाई त्याच ठिकाणाहून, त्याच वेळी पळत यायचा. भिंतीवरची तोफ त्याच तालात फिरायची. गेम फसवत नव्हता, तो रोज तोच होता. बदलायचे ते तुम्ही. पहिल्या दिवशी पहिला पूल ओलांडता यायचा नाही, पायाखाली फुटत जायचा. आठवड्यानं तोच पूल बोलत बोलत ओलांडला जायचा. यात नशीब नव्हतं, कुणाची कृपा नव्हती, आणि मुख्य म्हणजे बापाचा पैसा कामाला येत नव्हता. इंजिनिअरचा पोरगा आणि वॉचमनचा पोरगा दोघांना तीनच लाइफ.

तिसरी लेव्हल धबधब्याची होती. इथं माणूस उजवीकडं जात नाही, वर चढतो. ओझर्डे बघत वाढलेल्या माणसाला ती लेव्हल जवळची वाटणारच. त्यात दोघं जण खेळत असले की खरी गंमत. जो भराभर वर चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला गडी पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. शत्रूनं मारला नाही, दोस्ताच्या घाईनं मेला. या एका धबधब्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी क्रिकेटच्या बॅटिंगवरून झाली नसतील. पण भांडून झाल्यावर पोरं काय शिकायची? थांबायला. "आरं थांब की, मी खाली हाय!" आणि वरचा थांबायचा. सहकार्यावरची किती भाषणं आपण ऐकतो, त्यातल्या कशातही इतका पटकन गुण आलेला मी बघितलेला नाही.

आणि वीज. कॉन्ट्रात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. २००५ नंतरची काही वर्षं राज्यभर भारनियमनाची होती. ज्या पाण्यावर जवळजवळ दोन हजार मेगावॉटचा प्रकल्प चालतो, त्याच पाण्याच्या काठच्या तालुक्यातली गावं अंधारात. सातव्या लेव्हलला पोचावं आणि दिवे जावेत. धरण समोर, टीव्ही काळा. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून, जंगल. पोरं शिव्या घालायची आणि सुरू करायची.

तीस लाइफची युक्ती तर सगळ्यांना माहीत. वर वर, खाली खाली, डावीकडं उजवीकडं, डावीकडं उजवीकडं, बी, ए आणि स्टार्ट. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो, २०२० साली वारले. १९८६ला 'ग्रेडियस' हा गेम घरच्या मशीनवर आणताना तो तपासायचा होता, पण त्यांना स्वतःलाच जमेना इतका अवघड, म्हणून त्यांनी ही बटणांची चावी टाकली, आणि गेम बाजारात गेला तेव्हा ती तशीच राहिली. पुढं कॉन्ट्रातनं ती जगभर झाली. मुद्दा असा की ही सवलत फुकट होती. इंटरनेट नसताना ती तोंडातोंडी, मामाच्या गावावरून आलेल्या पोराकडनं, वहीच्या मागच्या पानावर लिहून पसरली.

आता याच 'लाइफ' शब्दाचं पुढं काय झालं ते बघा, माझं सगळं म्हणणं यातच आहे.

२०१२ला कँडी क्रश आला. त्यात पाच लाइफ. संपल्या की एक लाइफ परत यायला अर्धा तास थांबायचं, किंवा मित्रांकडं मागायची, किंवा पैसे टाकायचे. शब्द तोच, धंदा पार्लरचाच, फक्त नाणं बोटाच्या ठशानं जातंय आणि खणखण आवाज येत नाही. इथं अवघडपणा पुन्हा गल्ल्याकडं गेला. अशा गेममध्ये तुम्ही अडकता ते तुम्हाला येत नाही म्हणून, की अडकवल्याशिवाय विक्री होत नाही म्हणून, हे तुम्हाला कधी कळतच नाही. आणि जे कळत नाही त्यातनं माणूस शिकत नाही, फक्त चरफडतो आणि पैसे टाकतो.

रमीचं त्याच्या पुढचं. तो कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली एका खटल्यात म्हटलं होतं. कंपन्या तेच पाठ करून वर्षानुवर्षं कोर्टात उभ्या राहिल्या. असेल कौशल्य, मी नाही म्हणत नाही. पण टेबलावरच्या प्रत्येक डावातनं कंपनी आपलं कमिशन काढून घेते. म्हणजे खेळणाऱ्या सगळ्यांचे पैसे एकत्र मोजले तर ते दर डावाला कमीच होत जाणार. कौशल्य वाढवून यातनं सगळे सुटतील हे गणितातच बसत नाही. पत्ते तुमच्या ओसरीवर खेळा, दिवाळीला दहा-वीस रुपये इकडचे तिकडं, घरातले घरातच राहतात. ओसरीला कमिशन नसतं.

नव्या कायद्यानं रमी बंद केली, ठीक. पण वाट बघायला लावून, पेटीत काय निघेल याची हाव लावून, बंदुकीला रंग विकून पैसे काढणारे गेम चालूच आहेत, कारण त्यात पैसे परत जिंकायचे नसतात, नुसते घालवायचे असतात. बंदीचा अनुभवही आपल्याकडं आहे. सप्टेंबर २०२०ला पब्जी बंद झाला, २०२१च्या जुलैत दुसऱ्या नावानं परत आला. फेब्रुवारी २०२२ला फ्री फायर बंद झाला, त्याचा मॅक्स नावाचा भाऊ चालूच होता. पोरांना एक दिवस फरक पडला नाही.

मग इंडीवाल्यांनी काय केलं? त्यांनी जुन्यातला अवघडपणा घेतला आणि गल्ला काढून टाकला. एकदाच काहीशे रुपये द्या, सेलमध्ये त्याहून कमी, नंतर गेम तुमच्याकडं हात पसरत नाही. काहींनी तेही घेतले नाहीत. जपानमध्ये दाइसुके आमाया नावाच्या माणसानं पाच वर्षं फावल्या वेळात, एकट्यानं, चित्रं-संगीत-प्रोग्रॅम सगळं स्वतः करून 'केव्ह स्टोरी' नावाचा गेम बनवला आणि २००४च्या डिसेंबरात इंटरनेटवर फुकट ठेवून दिला. उड्या आणि गोळ्यांचाच. गुहेत जागा झालेला एक यंत्रमानव, त्याला आपण कोण ते आठवत नाही, आणि आजूबाजूला सशासारखे जीव संकटात. यातली एक युक्ती मला फार आवडते. बंदूक वापरून मिळणाऱ्या तुकड्यांनी ती ताकदवान होते, पण तुम्हाला फटका बसला की बंदुकीची ताकद उतरते. म्हणजे नुसतं मारत सुटून चालत नाही, अंग वाचवायलाही शिकावं लागतं. आपल्या तालमीत वस्ताद आधी पडायला शिकवतो, डाव नंतर. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीतनं कांस्यपदक घेऊन आले, त्या मातीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तालमीत पोरगं रोज आपटतं. कुणी म्हणत नाही, पोराचं मन खचेल, बंद करा तालीम.

दुसरा 'कपहेड'. कॅनडातल्या मोल्डनहाउअर भावांचा, २०१७. १९३०च्या काळातल्या कार्टूनसारखी चित्रं, कागदावर हातानं काढलेली, एकेक हालचाल. त्यासाठी भावांनी घरं गहाण ठेवली होती. पहिल्या दोन आठवड्यांत दहा लाखांच्या वर खपला. आणि अवघड म्हणजे इतका की त्यावरून गेम लिहिणाऱ्या पत्रकारांची खिल्ली उडाली. त्यातल्या एका राक्षसाशी लढाई जेमतेम दोन-तीन मिनिटांची, पण ती दोन मिनिटं जगायला माणूस पन्नास वेळा मरतो. मेल्यावर पडद्यावर एक रेघ येते. शेवट किती लांब होता आणि तुम्ही कुठवर पोचला होता, हे त्या रेघेवर दिसतं. मला वाटतं सगळं आकर्षण या रेघेत आहे. मघाशी निम्म्यावर मेलो होतो, आता पाऊण. बस्स, अजून एकदा.

आपल्या परीक्षेचा निकाल असा कधी लागतो का, सांगा. ३५ पडले किंवा नाही पडले. कुठवर पोचला होतास, हे गुणपत्रिकेत दिसत नाही. एमपीएससी करणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका. एका मार्कानं गेलं की वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी परीक्षेची पद्धतच बदलणार अशी बातमी. म्हणजे कॉन्ट्रातला शिपाई रोज वेगळ्या ठिकाणाहून यायला लागला तर कसं, तसं. ती पोरं रात्री खोलीवर असले गेम खेळत असतील तर मला त्यांचा राग येत नाही. निदान एक जागा अशी आहे जिथं नियम बदलत नाहीत आणि घातलेल्या कष्टाचं माप समोर दिसतं. जेस्पर यूल म्हणून डेन्मार्कचे अभ्यासक आहेत, त्यांनी २०१३ला या हरण्यावरच अख्खं पुस्तक लिहिलंय. एरवी हार टाळायला धडपडणारा माणूस गेममध्ये मात्र हरायला आपण होऊन का जातो, हा त्यांचा प्रश्न. माझं साधं उत्तर: कारण इथं हरल्यावर कुणी चारचौघांत अपमान करत नाही, आणि पुन्हा उभं राहायला अर्धा सेकंद लागतो.

अवघड आणि अन्यायी यात फरक आहे, आणि नव्या लोकांची खरी हुशारी तिथं दिसते. जुने गेम बऱ्याचदा अन्यायी होते, ते कबूल करायला हवं. पडद्याबाहेरनं गोळी यायची, बटण चिकटायचं, उडी मारलेली असूनही गेम ऐकायचा नाही. आपण ते गोड मानून घेतो कारण बालपण गोड असतं. नवे लोक आतल्या आत दया दाखवतात. २०१८च्या 'सेलेस्ट'मध्ये (यात गोळ्या नाहीत, नुसता डोंगर चढायचा) पाय कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाचा एक बारीक तुकडा असा ठेवलाय की तेवढ्यात बटण दाबलं तरी उडी बसते. याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. रोडरनर कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्याबाहेर जाऊन हवेत क्षणभर उभा राहतो ना, त्यावरून. खेळणाऱ्याला हे कळतही नाही, त्याला वाटतं आपणच वेळेवर दाबलं. काही गेममध्ये तर आपल्या माणसाचं चित्र मोठं असतं, पण गोळी लागायची जागा चित्रापेक्षा लहान ठेवलेली असते. चाटून गेली तर सोडून देतात. चांगले गुरुजी पेपर कडक काढतात आणि तपासताना अर्धा मार्क इकडं-तिकडं बघतात, तसंच हे. ज्याला खरंच झेपत नाही त्याच्यासाठी सेलेस्टमध्ये गेमचा वेग कमी करायची सोयही आहे. हात थरथरणाऱ्या माणसानंही डोंगर चढावा, हा विचार. कपहेडवाल्यांनी सोपी पातळी दिली, पण तिच्यावर जिंकून शेवटापर्यंत जाऊ देत नाहीत. इथं मी सेलेस्टच्या बाजूचा आहे. अवघडपणाची मिजास करण्यात काही अर्थ नाही.

आता आक्षेप. गोळ्या झाडायला शिकवायचं का पोरांना? प्रश्न रास्त आहे. चौकोनी शिपाई पडला आणि नाहीसा झाला, यात आणि माणसासारख्या दिसणाऱ्या माणसाचं रक्त दाखवण्यात अंतर आहे असं मला वाटतं, पण हे ज्यानं त्यानं आपल्या पोराचं वय बघून ठरवावं. 'केव्ह स्टोरी'तही काही प्रसंग दुःखाचे आहेत, अगदी लहानांना नको. दुसरा आक्षेप वेळेचा. इथं मात्र माझं म्हणणं ठाम आहे. हे गेम संपतात. कॉन्ट्रा अर्ध्या तासात, केव्ह स्टोरी आठ-दहा तासांत, मग नावं येतात, संगीत वाजतं, झालं. तुम्हाला घरी पाठवतात. बॅटल रॉयल कधी संपत नाही, कारण तो संपला तर दुकान बंद होईल. रोज लॉगिन केलं नाही तर बक्षीस जातं, म्हणून पोरगं लग्नाच्या पंगतीत फोन उघडतं. बापानं भांडायचं असेल तर या गोष्टीशी भांडावं. "किती वेळ खेळतोस" याच्या आधी "हा गेम संपतो का" हे विचारा. आणि "यानं तुझ्याकडं पैसे कधी मागितले?" हेही.

मनगट दुखतं, डोळे दुखतात, ते सगळ्याच पडद्यांचं आहे. त्यावर भोंगा उत्तम.

कोयनानगरला आणखी एक बाजू आहे. वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे तळं. "बाहेर जाऊन खेळा" हे कऱ्हाडला सांगायला ठीक आहे, आपल्याकडं चार महिने बाहेर गेलेलं पोरगं न्यूमोनिया घेऊन येईल. त्या चार महिन्यांत नेटवर्कही पावसासारखं, आलं तर आलं. ऑनलाइन गेम मधेच तुटतो. हे जुन्या धाटणीचे गेम नेटशिवाय, दहा वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर चालतात. केव्ह स्टोरी तर मोबाईलच्या एक-दोन फोटोंएवढ्या जागेत मावतो. भूकंपाचे बारीक धक्के बसले तर पंखा हलतोय का बघायचं आणि पुढं खेळायचं, ते आपल्या अंगवळणी आहेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगचं धोरण मंजूर केलं. पुण्यात बसून नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीनं २०२०ला 'राजी' हा गेम जगभर नेला, आपल्या पुराणकथांवरचा. म्हणजे इथल्या माणसाला हे जमतं. पण धोरणात कितीही कोटी लिहिले तरी पाटण तालुक्यातल्या पोराला गेम माहीत असणार तो फ्री फायर. गेम कुणीतरी बनवतो, एकटा माणूसही बनवतो, हे त्याला कुठं दिसणार? शाळांतले किती संगणक कक्ष कुलपात आहेत ते तुम्हीच एकदा जाऊन बघा. गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. चौकोनी चित्रांचा, एका पडद्याचा, एक उडी मारणारा माणूस नववीतलं पोरगं पंधरा दिवसांत उभा करतं. या धाटणीचा हा फायदा कुणी बोलत नाही. सिनेमासारखा गेम बघून पोरगं थक्क होऊन गप्प बसतं. चौकोनी गेम बघून म्हणतं, हे तर मलाही जमेल.

म्हणून एक मागणी, ग्रामपंचायत आणि शाळा दोघांकडं. भोंगा सुरू करायचा तर करा, मी पहिला टीव्ही बंद करीन. पण त्याबरोबर वाचनालयात रविवारी दोन तास एक जुना कॉम्प्युटर आणि दोन कंट्रोलर लावू द्या. नेट नको, अनुदान नको. मशीन दान द्यायला दोघं-तिघं तयार आहेत, लाइट बिल आम्ही वर्गणीतनं भरू. मुलं-मुली दोघांसाठी, दहा वर्षांच्या पुढची, आणि सोबत एक मोठं माणूस. खेळायचं, मरायचं, पुढच्याला नंबर द्यायचा.

ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी: केव्ह स्टोरीची मूळ फुकट आवृत्ती इंग्रजीतही मिळते, इंग्रजी सोपं आहे, सातवी-आठवीच्या पोराला समजेल. जुना विंडोज कॉम्प्युटर चालेल. डाउनलोड जमत नसेल तर कमेंटमध्ये लिहा, पेन ड्राइव्ह घेऊन या, भरून देतो. आणि धबधब्याच्या लेव्हलला वर पळून जाणारे आमच्या गल्लीतले जे वीर आज पोराबाळांचे बाप झालेत, त्यांनीही कमेंटमध्ये हजेरी लावावी. नावं आम्हाला पाठ आहेत.